सुरतेचे ऊन, सुरतेची सावली

मराठी माणसाला सुरत पहिल्यांदा भेटते ती शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर आपण सर्वांनीच परीक्षेसाठी घोकलेले असतात. दुसऱ्यांदा ती भेटते लग्नाच्या बस्त्यात, साडीच्या घडीवर. आणि तिसऱ्यांदा, कोणी पाहुणा घारीचा डबा घेऊन आला म्हणजे जेवणाच्या पानावर. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण तर गुजरातेतील मराठी घरांनी केव्हाच आपली करून घेतली आहे. इतकी ओळख असूनही केवळ पाहण्यासाठी म्हणून सुरतेस उतरणारा मराठी प्रवासी विरळाच. मुंबईहून बडोद्याकडे किंवा बडोद्याहून मुंबईकडे जाताना गाडी थांबते, चहाचा पेला हाती येतो, आणि चहा संपण्यापूर्वीच फलाट मागे सरकू लागतो.

वाचकांनी एकदा तरी हा फलाट ओलांडावा, एक अख्खा दिवस या शहरास द्यावा आणि जाताना गळ्यात कॅमेरा अडकवावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे. कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल असेल तर उत्तमच. तो नसेल तर खिशातल्या मोबाइलवरही रंग काढून टाकण्याची सोय असते. यंत्र कोणतेही असो, प्रकाशाचे नियम तेच.

आता कोणी म्हणेल, जरीच्या आणि साड्यांच्या या रंगीबेरंगी शहरात रंगाविना चित्र घेण्याचा अट्टहास कशासाठी? कारण असे, की रंग हा मोठा आग्रही पाहुणा आहे. चित्रात लाल रंगाचा एक ठिपका असला तरी डोळा प्रथम तिकडेच धावतो आणि बाकीचे पाहावयाचे राहून जाते. रंग बाजूस सारला की उरतात फक्त ऊन आणि सावली. दगडाचा खडबडीतपणा, लाकडावरची जुनी कोरणी, म्हाताऱ्या चेहऱ्यावरच्या रेषा ही सारी त्या दोघांचीच भाषा. युरोपातील लोकांनी या कलेचे नाव प्रकाशावरून ठेवले. आपण तिला ‘छायाचित्र’ म्हटले. ज्याने कोणी हा शब्द घडवला, त्याने अर्धे शास्त्र त्यातच सांगून टाकले आहे. उजेड दिसतो तो सावलीमुळे.

सुरतेच्या उन्हाचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. हे शहर साधारण २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, असा वर्षातून दोनदा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी माणसाचे चित्र घेतले तर डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या आणि नाकाखाली मिशीसारखी सावली एवढेच पदरात पडते. याउलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर चढतो. ऊन दिवसभर तिरपे आणि सौम्य राहते. म्हणून छायाचित्रकाराने सुरतेस जावे ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली घड्याळे चालतात ती साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर आणि सुरत आहे पश्चिमेकडे, त्र्याहत्तराव्या रेखांशाजवळ. म्हणून येथील खरी दुपार बाराला होत नाही, बारा चाळीसच्या आसपास होते. सकाळचे चांगले ऊन त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने थोडे अधिक वेळ लाभते.

प्रकाश मोजण्याचे यंत्र नसले तरी अडत नाही. जुन्या छायाचित्रकारांचा ‘सोळाचा नियम’ सोपा आहे. स्वच्छ ऊन असेल तर भिंगाचे छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका धरावा. म्हणजे १२५ वेगाच्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग आणि ४०० वेगाच्या फिल्मला ५०० वा. ऊन धुरकट असेल तर एफ ११, आभाळ भरलेले असेल तर एफ ८, आणि उघड्या सावलीत एफ ४. सुरतेच्या हिवाळी सकाळी नदीवरच्या आणि गिरण्यांच्या धुरकटपणात बहुधा एफ ११ पासूनच सुरुवात करावी लागते.

दिवसाचा आरंभ तापीच्या काठी करावा. जुना किल्ला नदीच्या पूर्व तीरावर आहे. म्हणून आपण समोरच्या अडाजणच्या बाजूस उभे राहावे, म्हणजे सूर्य किल्ल्यामागून, शहराच्या माथ्यावरून वर येतो. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून गुजरातच्या सुलतान महमूद तिसरा याच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने १५४० ते १५४६ या काळात हा किल्ला बांधला. १६६४ साली शिवछत्रपती शहराच्या वेशीवर येऊन ठेपले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान नगरवासीयांना वाऱ्यावर सोडून याच भिंतींमागे दडून बसला होता. आता महानगरपालिकेने किल्ल्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडले आहे.

या ठिकाणी पहिला धडा मिळतो. समोरून सूर्य येत असता आकाश आणि भिंत दोन्ही नीट उतरणे अशक्य असते. निवड करावीच लागते. प्रकाश आकाशाचा मोजला तर किल्ला काळ्या कागदातून कापल्यासारखा दिसेल आणि बुरुजांची रेषा उठून येईल. भिंतीचा मोजला तर दगड दिसतील, पण आकाश पांढरे पडेल. फिल्मवर काम करणाऱ्याने एवढे विसरू नये, की सावलीचा जो भाग निगेटिव्हवर उमटलाच नाही तो पुढे कोणत्याही उपायाने आणता येत नाही. म्हणूनच जुने जाणते सांगत, एक्स्पोजर द्यावे सावलीला पाहून आणि डेव्हलप करावे उजेडाला सांभाळून. मोबाइलचे नेमके उलट आहे. त्यात एकदा पांढरा झालेला उजेड परत मिळत नाही. म्हणून पडद्यावर आकाशाला बोट लावून चित्र थोडे काळोखेच ठेवावे.

आठ वाजले की कतारगाम दरवाजाकडची वाट धरावी. तेथे इंग्रज आणि डच यांची जुनी दफनभूमी आहे. आजूबाजूच्या गजबजाटातून आत पाऊल टाकले की घुमट, कमानी आणि खांब यांचे एक लहानसे नगरच समोर उभे राहते. हे ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या कबरींवर उठवलेले, पण वळणाने मोगली धाटणीचे बांधकाम. इंग्रजांच्या बाजूस सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची दुमजली समाधी आहे. हाच जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ साली इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. महाराजांच्या सैन्यापुढे त्याने आपली वखार राखली म्हणून कंपनीने त्याचा गौरव केला. तो १६६९ साली मरण पावला. पाठ्यपुस्तकातले एक ओझरते नाव असे दगडा-चुन्याच्या रूपाने समोर आले, म्हणजे शत्रुपक्षाबद्दलही मनात एक निराळेच कुतूहल जागे होते.

डचांच्या बाजूस हेंड्रिक व्हान रीड याची भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ ज्याने सिद्ध करविला, तोच हा. त्या कामी इट्टी अच्युतन या केरळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी पंडितांनी साह्य केले आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. १६९१ साली सुरतेकडे येताना व्हान रीड जहाजावरच वारला. झाडापानांची शेकडो चित्रे हातांनी काढवून घेणाऱ्या या माणसाच्या समाधीपाशी कॅमेरा हाती घेऊन उभे राहिले की मनात येते, एका पानाचे हुबेहूब रूप राखून ठेवण्यासाठी माणसाने केवढे कष्ट उपसले, आणि आपण केवढ्या सहजपणे बटण दाबतो!

येथला धडा तिरप्या उन्हाचा. समोरून ऊन पडले की घुमट सपाट थाळीसारखा दिसतो. बाजूने पडले की तो गोल होतो, आणि गिलाव्याचे पोपडे, भेगा, कमानीची खोली हे सारे बोलू लागते. म्हणून नऊच्या आत येथले काम उरकावे. भिंगावर पिवळा फिल्टर चढवला तर निळे आकाश थोडे गडद होऊन घुमटाची कड स्पष्ट होते. त्यासाठी एक स्टॉप प्रकाश अधिक द्यावा लागतो. नारिंगी फिल्टरला दोन आणि तांबड्याला तीन. तांबड्याने आकाश वादळी दिसते. ते नाटक दफनभूमीतल्या शांततेस शोभत नाही. अशा संरक्षित वास्तूंत तिपाई लावण्यास परवानगी लागते, म्हणून हात स्थिर ठेवण्याची सवय बरी. श्वास अर्धा सोडून, कोपर छातीशी धरून, सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत निभावता येते.

ऊन चढू लागले की मोकळ्या जागा सोडून गल्ल्यांत शिरावे. वाटेत मुघलसराई लागते. शहाजहानच्या काळी, १६४४ मध्ये, प्रवाशांसाठी बांधलेल्या या इमारतीत पुढे दीर्घकाळ नगरपालिकेची कचेरी होती. तिकडून गोपीपुऱ्याकडे, नाणावटाकडे जुनी लाकडी घरे अजून तग धरून आहेत. अरुंद दर्शनी भाग, कोरीव खांब, पुढे आलेला मजला आणि खाली ओटा. गुजराती गद्याचे जनक मानले जाणारे कवी नर्मद यांचे घरही याच भागात, आमलीरानात आहे.

ही घरे पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. १८३७ च्या एप्रिलात सुरतेस प्रचंड आग लागली आणि जुन्या शहराचा फार मोठा भाग, हजारो घरे, जळून गेली. दागेरने आपली छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जगापुढे मांडली १८३९ साली. अवघ्या दोन वर्षांचे अंतर! ज्या सुरतेने मोगलांची बंदरशाही पाहिली, जिच्या घरांतून व्यापाऱ्यांची संपत्ती नांदली, त्या सुरतेचे एकही छायाचित्र जगात असणे शक्य नाही. प्रवाशांची वर्णने आणि काही हस्तचित्रे यांवरच आपली भूक भागवावी लागते. आज उभी असलेली लाकडी घरे बहुतेक त्या आगीनंतरची, आणि तीही वर्षागणिक कमी होत आहेत. एकेका घराच्या जागी चार मजली इमारत येते. हे चांगले की वाईट, याचा निवाडा तेथे राहणाऱ्यांनी करावा. गळक्या छपराखाली वारसा जपा असे पाहुण्याने सांगणे सोपे असते. पण ते घर जाण्यापूर्वी त्याचे एक स्वच्छ चित्र राहावे, एवढे तर आपल्याला करता येईल.

गल्लीतल्या दुपारचा प्रकाश मोठा गोड असतो. ऊन समोरच्या घराच्या वरच्या भिंतीवर पडते आणि तिथून परतून खाली ओट्यावर उतरते. अशा परतलेल्या उजेडात माणसाचा चेहरा जितका चांगला येतो तितका स्टुडिओतही येणार नाही. बसणाऱ्यास दारापासून एक-दोन हात आत बसवावे, तोंड गल्लीकडे करावे, आणि पाठीमागे घरातला काळोख राहू द्यावा. हसा म्हणू नये, गप्पा काढाव्यात.

येथेच आपल्या घरच्या जुन्या फोटोंचे एक कोडे उलगडते. पणजी-आजीच्या फोटोत कपाळावरचे कुंकू कोळशासारखे काळे आणि लग्नातली लाल साडी काळी कुळकुळीत का दिसते? कारण त्या काळच्या काचा आणि फिल्म यांना तांबडा रंग दिसतच नसे. त्यांच्या लेखी तांबडे म्हणजे काळोख. निळे मात्र त्यांना पांढरे दिसे, म्हणून त्या फोटोंत आकाश नेहमी कोरे असते. पुढे सर्व रंगांना जाण देणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म आली तेव्हा कुंकवाचा काळेपणा गेला. पण नव्या फिल्मचीही एक गंमत आहे, आणि ती सुरतेच्या कापडबाजारात हटकून अनुभवास येते. लाल आणि हिरवा हे डोळ्यांना एकमेकांचे वैरी वाटणारे रंग कृष्णधवल चित्रात बहुधा एकाच करड्या छटेत उतरतात. हिरव्या काठाची लाल साडी मोठ्या हौसेने टिपावी, तर काठ आणि पदर यांत भेदच राहत नाही! उपाय फिल्टरचा. तांबडा लावला तर लाल उजळेल आणि हिरवा गडद होईल. हिरवा लावला तर उलट. मोबाइलवर रंग काढतानाही प्रत्येक रंगाची उजळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. जरीचे निराळेच आहे. ती रंग नव्हे, प्रतिबिंब दाखवते. खिडकीचा उजेड तिच्यावर तिरपा पडू द्यावा आणि फ्लॅश मुळीच वापरू नये.

रोलचे युग आता बरेचसे मागे पडले. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत असे. तो कारखाना आता बंद झाला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात सापडणारा आग्फा क्लिक थ्री हा पेटीवजा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. ऊन आणि ढग अशा खुणा आणि रोलमागे बारा चौकोनी चित्रे, एवढाच त्याचा संसार. पण त्या बारा चित्रांत मुंजी, बारशी, सहली आणि निरोपसमारंभ मावले. बारा म्हटल्यावर माणूस विचार करूनच बटण दाबी. कृष्णधवल रोल आजही परदेशांत तयार होतात आणि मागवले तर येथे मिळतात. महाग पडतात खरे. परंतु त्या महागाईतच त्यांची शिकवण आहे.

गुजरातच्या या पट्ट्याचा छायाचित्रणाशी संबंध लहान नाही. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. सुरतेच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरांवरचे नवसारी तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते, आणि मराठी अंमलदारांची घरे तेथे नांदत होती. त्याच नवसारीत १९१३ साली होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या पहाटेची, गांधीजींच्या अंत्ययात्रेची, कबुतर सोडणाऱ्या नेहरूंची त्यांनी घेतलेली कृष्णधवल चित्रे आज देशाच्या स्मृतीचाच भाग झाली आहेत. सुरुवातीस त्यांची चित्रे पतीच्या नावाने छापली जात. १९७० च्या सुमारास त्यांनी हा व्यवसाय सोडला, पुढे बडोद्यास येऊन राहिल्या, २०११ साली पद्मविभूषण झाल्या आणि २०१२ च्या जानेवारीत निवर्तल्या. त्यांच्या चित्रांपाशी थांबून पाहावे. रंग नाही म्हणून काही उणे आहे असे क्षणभरही वाटत नाही.

दुपारची विश्रांती जुन्या शहरातील एका मराठी घरी झाली. घरच्या आजोबांनी तरुणपणी न्हाणीघरात डार्करूम केली होती. फिल्म धुण्याची रसायने साधारण २० अंश उष्णतेला वापरावीत असा पुस्तकी नियम. आणि सुरतेत वैशाखात नळाचेच पाणी त्याच्या कितीतरी वर! तेव्हा डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ते तापमान उतरवीत. चोवीस अंशांपर्यंत आले तरी चाले. मात्र जिथे दहा मिनिटे लागतात तिथे सात मिनिटांत फिल्म बाहेर काढावी लागे. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी यांच्या उष्णतेत एकदम फरक पडला तर जिलेटिनचा थर सुरकुततो, म्हणून तिन्ही भांडी एकाच परातीत ठेवण्याची त्यांची युक्ती आजही कोणास उपयोगी पडावी.

आजींनी मात्र निराळीच गोष्ट सांगितली. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा बहुतेक भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. “पाणी ओसरल्यावर आधी धान्य पाहिलं, मग अंथरुणं,” आजी म्हणाल्या, “फोटोंची आठवण झाली ती आठव्या दिवशी. तोवर सगळा अल्बम एक वीट झाला होता.” त्यांच्या सासूबाईंचा एकुलता एक फोटो चौकटीच्या काचेला चिकटून बसला आहे. “सोडवून देता येईल का हो?” असे त्यांनी विचारले. उत्तर देणे जड गेले. वाळून चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच, बाजूने मंद उजेड घेऊन, त्याचे नवे चित्र काढावे. तसे ते काढले. चेहऱ्याचा अर्धा भाग आणि नथ एवढे वाचले आहे.

ही वेळ कोणावरही येऊ शकते, म्हणून चार गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. फोटो किंवा निगेटिव्ह भिजल्या तर त्यांना एकमेकांवर वाळू देऊ नये. ओल्या असतानाच स्वच्छ गार पाण्यात सोडून अलगद वेगळ्या कराव्यात, चित्राच्या बाजूस बोट लावू नये, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवाव्यात. पहिले दोन दिवस मोलाचे. त्यानंतर बुरशी धरते. एरवीही निगेटिव्ह बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात किंवा देवघराच्या खाली ठेवू नयेत. घरातल्या सर्वांत कोरड्या व थंड जागी, वरच्या फळीवर, साध्या कागदी पाकिटांत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या चिकटणाऱ्या पिशव्या टाळाव्यात. पावसाळा संपला की एकदा काढून वारा द्यावा. निगेटिव्हला आंबूस, सिरक्यासारखा वास येऊ लागला तर ती फिल्म झिजू लागली असे समजावे आणि लगेच प्रती करून घ्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीत अनोळखी माणसाचा होतो.

संध्याकाळसाठी दोन वाटा आहेत. हिवाळा असेल तर नदीकाठच्या पोंकच्या दुकानांकडे जावे. पोंक म्हणजे आपला हुरडाच. कोवळी ज्वारीची कणसे भाजताना धूर उठतो. सूर्य त्या धुरामागे येईल असे उभे राहिले की उजेडाचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसू लागतात. भिंगावर थेट ऊन येऊ नये म्हणून डाव्या हाताची सावली धरावी.

दुसरी वाट डुमसच्या समुद्रकिनाऱ्याची. तेथील वाळू लोहयुक्त खनिजांमुळे काळी आहे. प्रकाशमापकाची एक खोड येथे उघड होते. ते यंत्र साऱ्या जगाला मध्यम करडे समजून चालते. काळ्या वाळूकडे रोखले तर ते तिला करडी करू पाहते, आणि पांढऱ्या धोतराकडे रोखले तर त्यालाही करडे करते. म्हणून काळ्यासाठी यंत्र सांगेल त्याहून एक स्टॉप कमी आणि पांढऱ्यासाठी एक स्टॉप अधिक द्यावा. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मावळतीचे आकाश उतरते. त्या दृश्यात रंग नसले तरी काही अडत नाही, हे तेथे उभे राहिल्यावर पटते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत असण्याचा योग आला तर चांदी पडवो पाहावा. सारे शहर घारी आणि भुसू घेऊन चांदण्यात, रस्त्याच्या कडेला जेवायला बसते. चंद्राचे चित्र घेताना तो रात्रीचा दिवा नव्हे, उन्हात तळपणारा दगड आहे असे समजावे. एफ ११ वर फिल्मच्या वेगाइतके शटर पुरते. अधिक दिले तर नुसते पांढरे बिंब येते.

परतीच्या आधी उधना, लिंबायतकडे एक फेरी मारावी, अशी आग्रहाची विनंती आहे. तापी खोऱ्यातील रेल्वेने भुसावळ आणि सुरत जोडली गेली, आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे येऊन मागांवर उभी राहिली. श्रावणात तेथे कानबाईचा उत्सव होतो, अहिराणी कानावर पडते, आणि खान्देशातल्याच एखाद्या गावी आल्यासारखे वाटते. बाहेरची माणसे सुरतेचे चित्र काढतात तेव्हा हिरे आणि साड्या टिपतात. ज्या हातांनी ते कापड विणले त्यांचे चित्र क्वचितच निघते. ते काढावे, पण विचारून, नाव लिहून घेऊन, आणि नंतर एक प्रत आठवणीने पाठवून.

१८३७ पूर्वीची सुरत आपल्या हाती लागली नाही, २००६ च्या पुरात कित्येक घरांच्या आठवणी चिखलात गेल्या. पहिल्या हानीवर उपाय नव्हता. दुसरीवर थोडासा होता. परप्रांतातल्या आपल्या मराठी घरांना हे अधिक लागू पडते, कारण आपण येथे कसे राहिलो, कोणत्या ओट्यावर बसलो, कोणत्या चौकात गणपती मांडला, हे कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात यावयाचे नाही. ते आपल्याच डब्यांतून, पाकिटांतून आणि भिंतींवरून राहील. तेव्हा सुरतेचा रोल भरताना शेवटची दोन चित्रे शिल्लक ठेवावीत. घरी परतल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात, दारापासून दोन हात आत, घरातल्या सर्वांत वडील माणसास बसवावे. एफ ४, सेकंदाचा १२५ वा भाग. आणि पाठीमागे नाव लिहावे.